डायोक्लेशनचा राज्यत्याग आणि मॅक्सिमियनचा पश्चात्ताप

शत्रूकडून पराभव झालेला नाही, पुत्राने बंड केलेले नाही, सैन्यही विरुद्ध गेलेले नाही, अशा स्थितीत आपण होऊन राज्य सोडणाऱ्या सत्ताधीशांची उदाहरणे इतिहासात थोडीच सापडतात. रोमच्या इतिहासात सुल्लाने सर्वाधिकारपद सोडल्याचे उदाहरण वगळले, तर त्यापुढील साडेतीनशे वर्षांहून अधिक काळात त्याच्या तोडीचा दुसरा प्रसंग दाखविता येत नाही. इ. स. ३०५ च्या मे महिन्याच्या १ तारखेस मात्र दोन सम्राट एकाच दिवशी निवृत्त झाले. डायोक्लेशनने निकोमीडिया येथे व त्याचा सहसम्राट मॅक्सिमियन याने मिलान येथे राजवस्त्र उतरविले. पुढे डायोक्लेशनने सत्तेची पुन्हा अभिलाषा धरली नाही. मॅक्सिमियनने ती परत मिळविण्याचा पाच वर्षांत तीन वेळा प्रयत्न केला आणि तिसऱ्या प्रयत्नात प्राण गमावला. एक विवेकी आणि दुसरा लोभी, एवढे सांगून या भेदाचा उलगडा करण्याची रूढी आहे. ती सोयीची असली तरी साधनांच्या कसोटीवर फारशी टिकत नाही.

निवृत्तीचा विचार मुळात कोणाचा व केव्हाचा, हा पहिला प्रश्न होय. याविषयी सर्वांत सविस्तर माहिती लॅक्टँशियस देतो. निकोमीडियात अलंकारशास्त्राचा अध्यापक असलेला हा ग्रंथकार त्या काळाचा प्रत्यक्ष साक्षी होता. परंतु तो ख्रिस्ती होता, आणि ३०३ मध्ये डायोक्लेशनने आरंभिलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा दाह त्याच्या प्रत्येक पानावर जाणवतो. त्याच्या मते, ३०३ च्या अखेरीस रोममध्ये राज्यारोहणाच्या विसाव्या वर्षाचा उत्सव करून परतताना डायोक्लेशन आजारी पडला. पुढील वर्षाच्या डिसेंबरात तर तो मेल्याचीच वार्ता पसरली. ३०५ च्या मार्चमध्ये तो लोकांसमोर आला तेव्हा ओळखू येणार नाही इतका खंगला होता. अशा अवस्थेत त्याचा जामात व कनिष्ठ सम्राट गॅलेरियस याने धमकावून त्याला राज्य सोडावयास लावले, असा लॅक्टँशियसचा निष्कर्ष आहे.

याच्या विरुद्ध जाणारे दोन पुरावे आहेत. सलोनाजवळ समुद्रकाठी (आजच्या स्प्लिट शहरात) डायोक्लेशनने बांधविलेला प्रासाद सुमारे २१५ मीटर लांब व १८० मीटर रुंद असून त्याला तटबुरुजांची जोड आहे. त्यातच त्याने स्वतःसाठी अष्टकोनी समाधिमंदिरही उभारले. एवढे बांधकाम दोन महिन्यांच्या धमकावणीतून उभे राहत नाही. दुसरा पुरावा स्तुतिपर भाषणांचा. ३०७ मधील एका भाषणात हा संकल्प दोघा सम्राटांनी पूर्वीच मिळून केला असल्याचे सूचित केले आहे, आणि ३१० मधील दुसऱ्या भाषणात कॅपिटोलवरील ज्युपिटरच्या मंदिरात मॅक्सिमियनने शपथ घेतल्याचा उल्लेख येतो. राजाश्रयी वक्त्यांचे शब्द जपूनच घ्यावयाचे असतात हे खरे. तथापि अशी शपथ बनावट रचण्यात त्यांचा लाभ कोणता, हे सांगता येत नाही. तेव्हा बेत जुना, आजाराने त्याला मुहूर्त मिळाला आणि गॅलेरियसने वारस निवडण्यात आपला हात साधला, असे मानणे सयुक्तिक ठरते.

बेत डायोक्लेशनचा आणि शपथ मॅक्सिमियनची, ही गोष्ट मात्र दृष्टीआड करून चालणार नाही. शपथ ज्याला घ्यावी लागते त्याच्या मनातून तो विचार निघालेला नसतो.

त्या दिवसाच्या समारंभाचे वर्णन लॅक्टँशियसनेच केले आहे. नगरापासून तीन मैलांवरील ज्या टेकडीवर ज्युपिटरची मूर्ती होती, तेथे सैन्य जमले. आपण थकलो आहोत, श्रमांनंतर विश्रांती हवी आहे, असे डायोक्लेशनने साश्रु नयनांनी सांगितले. नवा सीझर म्हणून कॉन्स्टँशियसचा पुत्र कॉन्स्टंटाइन याचेच नाव पुकारले जाईल अशी सर्वांची अपेक्षा होती. तो तेथेच उभा होता. परंतु पुढे आणला गेला तो गॅलेरियसचा भाचा मॅक्सिमिनस डाया. डायोक्लेशनने आपल्या खांद्यावरील जांभळे वस्त्र काढून त्याच्या खांद्यावर घातले आणि तो पुन्हा पूर्वीचा साधा डायोक्लीज झाला. पश्चिमेत मॅक्सिमियनचा वयात आलेला पुत्र मॅक्झेंशियस यालाही असेच डावलून गॅलेरियसचा स्नेही सेव्हेरस याला निवडण्यात आले.

आपल्या धर्मशास्त्राने वानप्रस्थाची वेळ सांगताना केस पिकण्याबरोबर नातवाचे मुख पाहण्याचीही अट घातली आहे. घर ज्याच्या हाती सोपवावयाचे तो उभा राहिल्याखेरीज गृहस्थाने निघू नये, असा तिचा व्यवहारी अर्थ आहे. डायोक्लेशनला पुत्र नव्हता. व्हॅलेरिया ही एकच कन्या होती. योग्यता पाहून वारस नेमावा, रक्त पाहून नव्हे, हा त्याचा नियम निपुत्रिकाला सहज पाळता येण्याजोगा होता. मॅक्सिमियनला तो पाळावयाचा म्हणजे स्वतःच्या पदाबरोबर पुत्राचे पदही सोडणे भाग होते.

दीड वर्षातच याचा परिणाम दिसून आला. ३०६ च्या ऑक्टोबरात रोममध्ये मॅक्झेंशियसने स्वतःस राजा म्हणविले आणि दक्षिण इटलीत विश्रांती घेत असलेल्या पित्यास पाचारण केले. मॅक्सिमियनने विलंब लावला नाही. सेव्हेरसचा पाडाव होईपर्यंत पितापुत्रांचे जमले. पण ३०८ मध्ये त्याने सैन्यासमोर पुत्राच्याच अंगावरील राजवस्त्र ओढून काढले. सैनिक पुत्राच्या बाजूने उभे राहिले आणि म्हातारा आपला जामात कॉन्स्टंटाइन याच्या आश्रयास पळाला. ३१० मध्ये कॉन्स्टंटाइन ऱ्हाइनकाठी असताना त्याने आर्ल येथे तिसऱ्यांदा राजपद घोषित केले, मासिलियात पकडला गेला आणि गळफास घेऊन मेला. त्याच वर्षीचे वर उल्लेखिलेले भाषण कॉन्स्टंटाइनसमोर झाले. मॅक्सिमियनला त्या शपथेचा पश्चात्ताप झाला, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या पुनरागमनात पुत्राचा पक्ष घेणारा हा पिता दुसऱ्या वेळी पुत्रावरच उलटला. तेव्हा डावललेल्या पुत्राचा सल ही त्याच्या पश्चात्तापाची सुरुवात असली, तरी तेवढ्याने त्याचा शेवट समजत नाही.

मधल्या काळात, ३०८ च्या नोव्हेंबरात, डॅन्यूबकाठच्या कार्नुंटम येथे गॅलेरियस, डायोक्लेशन आणि मॅक्सिमियन एकत्र आले होते. डायोक्लेशनने पुन्हा राज्य हाती घ्यावे असा आग्रह झाला असता, सलोनात आपल्या हातांनी लावलेला भाजीपाला पाहिला असता तर असा मोह घातला नसता, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. (अनेक पुस्तकांत या भाजीपाल्याची कोबी होते, मूळ लॅटिन शब्द केवळ भाजीपाल्याचा आहे.) ती ज्या संक्षिप्त सम्राटचरित्रात येते, त्याची रचना सुमारे ९० वर्षांनंतरची. तरीही त्याने राज्य घेतले नाही आणि मॅक्सिमियनलाही पुन्हा उतरावयास लावले, एवढे निश्चित. भाजीपाल्याच्या या गोष्टीवरून तृप्त निवृत्तीचे चित्र रंगविले जाते. पण ज्या सभेसाठी त्याला मळा सोडून यावे लागले, ती त्याने घालून दिलेली व्यवस्था मोडल्यामुळेच भरली होती, याचा तेथे विसर पडतो.

त्याची खरी परीक्षा यानंतर झाली. ३११ मध्ये गॅलेरियस वारला. विधवा व्हॅलेरिया डायाच्या राज्यात आली. त्याने तिला मागणी घातली व तिने नकार दिला. तेव्हा डायाने तिची मालमत्ता हिरावून तिला आणि तिची माता प्रिस्का हिला सीरियाच्या ओसाड भागात धाडले. डायोक्लेशनने पुन्हा पुन्हा दूत पाठवून कन्येस आपल्याकडे पाठविण्याची विनंती केली. ज्याच्या खांद्यावर त्याने स्वतःचे राजवस्त्र घातले होते, त्याच डायाने ती फेटाळली. हा वृत्तांतही लॅक्टँशियसचाच आहे. पण छळकर्त्याविषयी अनुकंपा वाटावी असे लिहिण्याचे त्याला कारण नव्हते, म्हणून तो अधिक विश्वसनीय वाटतो. राज्य सोडल्याचा डायोक्लेशनला खेद झाला असेल, तर तो शोधण्याची जागा भाजीचा मळा नव्हे, हा निष्फळ दूतव्यवहार होय.

त्याच्या मृत्यूचे वर्ष निश्चित नाही. ३११ पासून ३१६ पर्यंतची वर्षे सुचविली गेली आहेत. लॅक्टँशियस त्याला अन्नत्याग करावयास लावतो, तर उपर्युक्त संक्षिप्त चरित्र कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांच्या धाकाने त्याने विष घेतल्याचे सांगते. ३१३ मध्ये डायाचा पराभव करून लिसिनियस पूर्वेचा स्वामी झाला, तरी त्या दोघी स्त्रियांची सुटका झाली नाही. सामान्य स्त्रियांच्या वेषात पंधरा महिने भटकल्यावर थेसालोनिका येथे त्या ओळखल्या गेल्या. तेथे त्यांचा शिरच्छेद करून शवे समुद्रात टाकण्यात आली.