गुलबाक्षी कुठली?

गुलबाक्षीला घड्याळ लागत नाही. दुपार उतरली, चार-साडेचार वाजले की तिची फुलं उमलतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटतात. जिंतूरसारख्या मराठवाड्यातल्या गावांत मोरीच्या कडेला, परसात, पडक्या भिंतीलगत ती कोणी न लावताही उगवते. उन्हाळ्यात वरचं झाड वाळून गेलं तरी जमिनीखालचा कंद जिवंत राहतो आणि मृगाच्या पावसानंतर पुन्हा फुटतो. ती इथली इतकी झाली आहे, की तिला ‘तू कुठली?’ असं विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही.

विचारलंच, तर उत्तर सरळ मिळत नाही. नाव फारसी वळणाचं. उर्दूत ‘गुल-ए-अब्बास’, त्याचंच मराठीत गुलबास, गुलबाक्षी झालं. इराणमध्ये तिला ‘लाला अब्बासी’ म्हणतात. मग ती इराणी का? तसंही नाही. तिचं मूळ घर मेक्सिकोकडचं. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर अमेरिका खंडातल्या ज्या वनस्पती समुद्र ओलांडून जगभर पसरल्या, त्यांतली ही एक. मिरचीही त्याच वाटेने आली. म्हणजे रोप मेक्सिकोचं, नाव फारसी आणि अंगण मराठी.

मोगऱ्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. मोगरा भारतीय उपखंडातला. पण युरोपात तो अरबांच्या मार्फत पोहोचला, म्हणून इंग्रजीत त्याला आजही ‘अरबी जाई’ म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘सॅम्बॅक’ हा शब्दसुद्धा अरबीतल्या ‘झंबक’वरून आलेला. आपलं फूल तिकडे अरबी ठरलं आणि मेक्सिकोचं फूल आपल्याकडे अब्बासी ठरलं.

यातून एक साधी गोष्ट कळते. नाव हा जन्मदाखला नसतो. एखादी गोष्ट कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, एवढंच ते सांगतं. गावांच्या, रस्त्यांच्या, माणसांच्या नावांवरून आपलं-परकं ठरवण्याच्या आजच्या काळात ही गोष्ट अंगणात उभं राहून समजून घेण्यासारखी आहे.

आणखी काही झुडपं पाहू. गुलाब म्हणजे फारसीत गुल अधिक आब, फुलाचं पाणी. तिथे हा शब्द गुलाबपाण्यासाठी होता, फुलाला नुसतं ‘गुल’ म्हणत. इथे येऊन पाण्याचं नाव फुलालाच चिकटलं. त्यात ‘कंद’ म्हणजे साखर मिसळली की गुलकंद. निशिगंधाला आपण गुलछडी म्हणतो. तिचं नाव अर्धं फारसी आणि अर्धं देशी, रोप मात्र मेक्सिकोचंच. पांढरा चाफा मंदिराच्या आवारात असतो आणि कब्रस्तानातही. तोही अमेरिकेतून आलेला. इथला जुना रहिवासी सोनचाफा. नवख्याला लोकांनी त्याचंच नाव दिलं आणि आपल्यात घेतलं. इतकं सोपं होतं ते.

ही फारसी नावं मराठीत रुजली, कारण दख्खनमध्ये काही शतकं दरबाराची, कचेरीची आणि बागेची भाषा एकमेकींत मिसळत होती. सतराव्या शतकात विजापूरच्या नुसरतीने ‘गुलशन-ए-इश्क’ ही मसनवी लिहिली, ती दख्खनीत. तिच्यातली कथा मनोहर-मधुमालतीची, म्हणजे अस्सल हिंदुस्थानी, आणि तिच्यात बागांची लांबलचक वर्णनं आहेत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने खडकी वसवून तिथे नहर खेळवली. पुढे त्याच शहराचं औरंगाबाद झालं आणि १६५७ मध्ये वारलेल्या दिलरस बानो बेगमेच्या कबरीभोवती चारबाग आखली गेली. तोच आज आपण पाहतो तो बीबी का मकबरा.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या जास्वंदीचं आणि कण्हेरीचं वर्णन केलं आहे. ग्वाल्हेरची लाल कण्हेर त्याला इतकी आवडली, की त्याने ती नेऊन आग्र्याच्या बागांत लावली.

पण शाही बाग आणि घरचं अंगण यांत फरक आहे. बागेला नहर होती, माळी होते, लिहून ठेवणारे होते. जिंतूरच्या अंगणाला मोरीचं पाणी होतं. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे राज्यं बदलली, नकाशे बदलले. काळी जमीन मात्र तशीच राहिली, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा ठिकाणी बारमाही झुडूप जगवणं हे हौसेइतकंच चिकाटीचं काम. ते केलं बायकांनी. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला गेलं. मेहंदीची काडी एका घरातून दुसऱ्या घरात गेली. तिचं कुंपण झालं, चाँदरातीला आणि लग्नाला तिचाच पाला वाटला गेला. गुलबाक्षीचं मिरीसारखं काळं बी पदराच्या गाठीत बांधून माहेरून सासरी आलं. एकाच वेलीची फुलं कोणाच्या वेणीत गेली, कोणाच्या देवघरात, कोणाच्या दर्ग्यावरच्या चादरीत. या इतिहासाची नोंद कुठल्याही दफ्तरात नाही.

गुलबाक्षीने विज्ञानालाही असंच काहीसं शिकवलं. १९०९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल कॉरेन्स यांनी तिच्या पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानांवरचे प्रयोग मांडले. रोपाच्या पानांचा रंग परागकण कोणाचे यावर ठरत नाही, बी कोणत्या फांदीवर धरलं यावर ठरतो, असं त्यांना आढळलं. हा वारसा आईकडूनच येतो. आपल्या अंगणांचंही तसंच झालं आहे.

आज ही अंगणं आटत चालली आहेत. वाटण्या झाल्या, मातीवर फरशी आणि पेव्हर ब्लॉक आले. नर्सरीतून शोभेची झाडं येतात, त्यांची नावं कोणाला पाठ होत नाहीत. नव्या झाडांशी भांडण नाही. गुलबाक्षीही कधीतरी नवीच होती. भीती एवढीच आहे की झाडाबरोबर त्याचं नाव जाईल आणि नावाबरोबर ते ज्या हातांतून आलं त्या हातांची आठवणही.

उपाय फार मोठा नाही. गच्चीवरच्या कुंडीत मोगरा, मेहंदी, गुलाब सहज येतात. पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारून काडी मागा. गुलबाक्षीचं बी आणि कण्हेरीचं सगळं झाड विषारी असतं, तेव्हा लहान मुलांना तेवढं सांभाळा. घरात आजी, नानी, दादी असेल तर तिला विचारा, हे झाड आपल्याकडे कोणाच्या घरून आलं? उत्तरात बहुतेक एखाद्या शेजारणीचं नाव निघेल. ते वहीत लिहून ठेवा.