दूध तोडण्याचा काळ आणि सुखात्मे-वाद

मराठीत मुलाचे स्तन्यपान थांबविण्यास ‘दूध तोडणे’ वा ‘अंगावरचे तोडणे’ असे म्हणतात. ‘उष्टावण’ हा शब्द नव्या अन्नाच्या आरंभाचा निदर्शक होय. आरंभास व अंतास अशी नावे आहेत. मधल्या कित्येक महिन्यांना मात्र रूढ नाव नाही, आणि वाढ खुंटण्याचा धोका नेमका त्याच महिन्यांत अधिक असतो.

संस्कृत वैद्यकास ही गोष्ट अपरिचित नव्हती. दात आल्यावर बालकास क्रमाक्रमाने स्तन्यापासून दूर करावे, असा अष्टांगहृदयाचा निर्देश आहे. माधवनिदानात ‘पारिगर्भिक’ नामक बालरोग वर्णिला आहे: गर्भवती मातेचे दूध पिणारे मूल कृश होते, त्याची अन्नावरील वासना उडते, पोट वाढते. याच रोगास ‘परिभव’ असेही म्हटले आहे. १९३५ साली सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना, येथील गा भाषेतून ‘क्वाशिओरकोर’ हा शब्द वैद्यकात आणला. पाठचे भावंड आल्यामुळे स्थानभ्रष्ट झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. पाठचे भावंड दोन्ही नावांमागे उभे आहे; तथापि माधवकराने दोष दुधाकडे दिला, गा भाषेने तो स्थानभ्रंशाकडे दिला. पुढे आंतरराष्ट्रीय आहारशास्त्राने तो केवळ प्रथिनांच्या तुटीकडे दिला आणि मूळ शब्दातील शहाणपण बाजूस पडले.

या प्रथिनवादास ज्यांनी आकडेवारीने उत्तर दिले, त्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. मूल पोटभर जेवत नाही म्हणून त्याला प्रथिने कमी पडतात. मूळ उणीव अन्नाचीच, असा त्यांचा सिद्धान्त. १९७० च्या सुमारास तो धाडसाचा वाटला. आज तो बव्हंशी मान्य आहे.

त्यास पुष्टी देणारा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. व्यापारी वराहपालनात पिल्ले तीन-चार आठवड्यांची असतानाच मादीपासून तोडतात. निसर्गतः हा काळ कित्येक आठवडे अधिक असतो. तोडलेले पिलू पहिले काही दिवस फारच थोडे खाते. त्या अवधीत रक्तातील इन्शुलिनसदृश वृद्धिघटक (आयजीएफ-१) घटतो. उपासमारीत यकृतातील या घटकाच्या जनुकाची क्रिया मंदावते. वृद्धिसंप्रेरक रक्तात असूनही यकृत त्यास पुरेसे दाद देत नाही. क्वाशिओरकोर झालेल्या मुलांच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक वाढलेले असते, हे केप टाऊन येथे १९६६ साली दिसून आले होते. आज्ञा आहे, अंमलबजावणी नाही, असा हा प्रकार.

येथपर्यंत सुखात्मे यांची बाजू भक्कम ठरते. पुढची पायरी मात्र वादग्रस्त आहे. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ग्रामीण दारिद्र्याची रेषा दरडोई २,२५० कॅलरींवर आधारली. एकाच व्यक्तीची गरज दिवसागणिक बदलते, शरीर मर्यादेत राहून आपला खर्च आवरते. म्हणून सरासरीखाली असलेला प्रत्येकजण कुपोषित नव्हे, असा सुखात्मे यांचा आक्षेप. वाद पुण्यातील दोन विद्वानांचा होता. परंतु देशात भुकेले किती, याचे उत्तर त्यावर अवलंबून होते. याच विचारसरणीचा आधार घेऊन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान, पण निरोगी’ अशी कल्पना मांडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन यांनी तिचा कठोर प्रतिवाद केला.

प्रतिवाद योग्यच होता. वाढ थांबवून जीव राखणे ही शरीराची युक्ती खरी. पण युक्तीला आरोग्य म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय. पिलाला पुरेसे खाणे मिळू लागताच वृद्धिघटक पुन्हा चढतो. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहणाऱ्या मुलास तशी संधीच मिळत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी हे महाराष्ट्रास दाखविले. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने जी वाढमानके प्रसिद्ध केली, ती दिल्लीसह सहा देशांतील शहरांत स्तन्यपान केलेल्या व सुस्थितीत वाढलेल्या मुलांच्या मापांवरून ठरविली होती. पहिल्या पाच वर्षांतील त्या मुलांच्या उंचीत देशपरत्वे फारसा भेद आढळला नाही.