जनुकांचा शेजार

जुने दफ्तर चाळणाऱ्या माणसाला एक अनुभव नेहमी येतो. दूरदूरच्या गावांच्या महजरांवर तीच चार नावे एकापाठोपाठ आढळली की तो थबकतो. ही माणसे एकमेकांची कोण? भाऊबंद, भागीदार, की नुसता योगायोग? आज आपल्यापुढे मांडावयाचे प्रकरण माणसांचे नसून जंतूंचे आहे; परंतु प्रश्न हाच आहे.

जंतूची सारी कामे ज्यांच्या हुकुमाने चालतात ती जनुके डीएनएच्या धाग्यावर ओळीने बसलेली असतात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मिलिस्लाव्ह डेमेरेक व त्यांचे सहकारी साल्मोनेला जंतूचा अभ्यास करीत होते. एकच पदार्थ बनविण्याच्या कामी येणारी जनुके पुष्कळदा शेजारी शेजारी असतात, असे त्यांना दिसले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वा झाकॉब व झाक मोनो यांनी १९६०-६१ साली त्याचा उलगडा केला. असा गट एकाच कळीने चालू वा बंद होतो. त्याला त्यांनी ‘ऑपेरॉन’ म्हटले.

पुढे १९९५ साली हीमोफिलस इन्फ्लुएंझी या जंतूची सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरांची पोथी प्रथमच संपूर्ण वाचली गेली. मग एकेक करीत इतर जंतूंच्याही पोथ्या हाती आल्या. त्या ताडून पाहता मौज अशी निघाली की, दूरच्या नात्याच्या जंतूंत जनुकांचा क्रम बहुतेक मोडून गेलेला असतो. आणि म्हणूनच जो शेजार इतक्या उलथापालथीतही टिकला, त्याला साक्षीचे मोल आले. १९९८ साली टी. दांडेकर, पीर बोर्क व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, असा टिकलेला शेजार असला तर त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने पुष्कळदा प्रत्यक्ष एकमेकांना बिलगून काम करतात.

पण साक्षीदार किती सांगतो आणि आपण किती ऐकतो, यात अंतर असते. १९८७ साली जपानी संशोधकांना आतड्यातील एका जंतूत २९ अक्षरांचा तोच तो मजकूर ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा आढळला. हा काय प्रकार, कोणालाच कळेना. २००२ साली डच संशोधकांनी दाखविले की, अशा मजकुराच्या शेजारी काही ठराविक जनुके असतातच. त्याच वर्षी कीरा माकारोवा, यूजीन कूनिन प्रभृतींनी वेगळ्या वाटेने याच जनुकांचा गट हेरला. त्यांत डीएनए कापणारी, उलगडणारी प्रथिने दिसत होती. तेव्हा ही डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा असावी, असे अनुमान त्यांनी बांधले.

अनुमान चुकले. मला मात्र त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ही जनुके एकत्र काम करतात हे खरे होते. डीएनएवर करतात हेही खरे. कशासाठी करतात, एवढेच शेजाराने सांगितले नव्हते. २००५ साली स्पेनचे फ्रान्सिस्को मोहिका आणि आणखी दोन गटांना मजकुराच्या मधले तुकडे जंतूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या डीएनएशी जुळताना आढळले. पुढच्याच वर्षी माकारोवा व कूनिन यांनी स्वतःचे अनुमान बाजूस सारून, ही जंतूची संरक्षणव्यवस्था असावी, असे लिहिले.

निकाल लागला तो दह्याच्या विरजणात. २००७ साली दानिस्को कंपनीच्या संशोधकांनी विरजणातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जंतूवर विषाणू सोडले. जे जंतू तगले, त्यांच्या पोथीत त्याच विषाणूंचे नवे तुकडे उतरलेले होते. तुकडा काढला की प्रतिकार गेला. शेजारचे एक जनुक निकामी केले, तर तुकडे जागच्या जागी असूनही प्रतिकार गेला. त्या जनुकाला आज कॅस-९ म्हणतात. त्याच कुळातल्या प्रथिनाची हवी तेथे डीएनए कापणारी कात्री इमॅन्युएल शार्पेंतिये व जेनिफर डाउडना यांनी २०१२ साली करून दाखविली, आणि २०२० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघींना मिळाले.