मुष्टीफंड आणि सरकारी शाळा

पणजीच्या मुष्टीफंड शाळेचं नाव घेताना त्यातला मूठभर तांदूळ आता कुणाला आठवतो? १९०८ साली सुरू झालेली ही संस्था घरोघरच्या अशा मुठींवर उभी राहिली. पोर्तुगीज सरकारच्या शाळेत पोर्तुगीज. मराठी हवी तर गावानेच मास्तर आणायचा, देवळाच्या अग्रशाळेत बसवायचा, त्याच्या जेवणाखाण्याचं बघायचं. साहजिकच पोर काय शिकलं हे विचारायचा हक्कही गावाचाच. (देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांची मुलं मात्र बाहेरच.) १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी शाळा काढल्या, तेव्हा ती मुलं आत आली. मूठ द्यायची गरज संपली. पण त्याबरोबर आमचं विचारणंही का संपावं? पटसंख्येअभावी शाळा बंद झाली की पालकसभेला कधीच न फिरकलेले आम्हीच सर्वांत जास्त हळहळतो.