क्षयरोगी घरातच राहिला तेव्हा

धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही जातो, तेव्हा घरची माणसे ओटीपासून परसदारापर्यंत सारे घर मोठ्या आदराने दाखवितात. एखाद्या घरी मात्र एक दार लोटलेलेच राहते. आतून खोकल्याचा आवाज येतो आणि कुणीतरी हलकेच म्हणते, “फादर, तिकडे नका जाऊ.” त्या खोलीत ताट वेगळे, पेला वेगळा आणि माणूसही वेगळा काढलेला असतो. कारण विचारले तर उत्तर मिळते, क्षय. ही भीती फार जुनी आहे. तिची कठोर परीक्षा आपल्याच देशात, मद्रास शहरी, एकदा झाली होती. तो इतिहास आमच्या वाचकांना ठाऊक असावा म्हणून हा लेखनप्रपंच.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला. शत्रू ओळखला गेला, परंतु त्याच्यावर शस्त्र नव्हते. बाळ येशूच्या संत तेरेजाला १८९६ च्या पवित्र गुरुवारी रात्री रक्ताची पहिली गुळणी आली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती मठातच निवर्तली. त्या काळी मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच उपचार होता. त्यासाठी गावाबाहेर आरोग्यधामे उभी राहिली. भारतातील पहिले आरोग्यधाम १९०६ साली अजमेरजवळील तिलोनिया येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनीच काढले. या संस्थांनी दयेचे मोठे कार्य केले, यात शंका नाही. परंतु खाटा थोड्या व रोगी अगणित. शिवाय कर्ता पुरुष वर्षभर दूर गेला की चूल विझायची आणि आई गेली की लेकरे पोरकी व्हायची.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त, गुणकारी औषध हाती आले. तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. रोग्याला घरीच ठेवून औषध दिले तर तो बरा होईल काय? आणि एकाच खोलीत निजणाऱ्या त्याच्या मुलाबाळांचे काय होईल? याचा निवाडा करण्यासाठी १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी ते मिळून चालविले. शहरातील गरीब रोगी निवडण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काहींच्या वाट्याला आरोग्यधाम आले, तर काहींच्या वाट्याला स्वतःचे घर. औषधे दोघांनाही तीच, मुदतही एकच, एक वर्षाची. आरोग्यधामात खाट, विश्रांती व पोटभर सकस अन्न होते. घरी दाटी होती, अन्न बेताचे होते. केंद्राचे सेवक मात्र घरोघरी जाऊन रोगी गोळ्या घेतो की नाही ते पाहत.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामात शंभरांपैकी सुमारे ९२ रोग्यांचा आजार शमला होता, तर घरी सुमारे ८६ जणांचा. इतक्या विषम परिस्थितीत एवढेच अंतर पाहून जाणकार थक्क झाले. त्याहून मोलाची गोष्ट पुढे कळली. दोन्ही गटांतील कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. रोगी घरी राहिला म्हणून त्याच्या घरच्यांत क्षयाचे प्रमाण वाढले नव्हते! कारण रोगाचे निदान होण्यापूर्वीच, महिनोन् महिने दुर्लक्षिलेल्या खोकल्यातून, संसर्गाचे मुख्य काम होऊन गेलेले असते. योग्य औषध सुरू झाले की संसर्गाची शक्ती झपाट्याने ओसरते. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरच्या उपचाराचीच वाट धरली.

आता आपल्या घरांकडे वळू. ज्या खोकल्याला आपण ‘साधा’ म्हणून झाकतो, विशेषतः मुलीचे लग्न ठरेपर्यंत झाकतो, तोच घराला धोका देतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत आहे. बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडू नयेत. अर्धवट उपचाराने जंतू अधिक चिवट होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत रोग्याने तोंडावर कापड किंवा मास्क धरावा, हवेशीर जागी वेगळे निजावे आणि खिडक्या उघड्या असाव्यात. घरच्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करावी. डॉक्टरांनी सांगितल्यास त्यांनाही प्रतिबंधक औषध द्यावे. ताट-पेल्यातून मात्र क्षय पसरत नाही. तो हवेतून पसरतो.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श करून बरे केले आणि लगेच त्याला याजकाकडे पाठविले. समाजाने त्याला पुन्हा आपला म्हणावे, हाच त्यामागील हेतू होता. मद्रासच्या त्या दाटीच्या खोल्यांतील गरीब कुटुंबांनी आपल्या माणसाला जवळ ठेवले आणि औषधाची शिस्त पाळली. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, तरी त्यांचे ऋण मोठे आहे. पुढच्या खेपेस आम्ही आशीर्वादाला येऊ, तेव्हा ते लोटलेले दार आमच्यासाठी उघडावे आणि आतल्या माणसाच्या मस्तकावरही हात ठेवू द्यावा, एवढीच आमची विनंती.