प्रस्तावना : जळमटातले कोळी

हरसूलकडच्या कुडाच्या घरांत आढ्याला, कणगीमागे, गोठ्याच्या वाशांना जळमटे धरतात आणि दिवाळीआधीच्या झाडलोटीत निघून जातात. बागेतल्या चक्राकार जाळ्याचे सगळेच कौतुक करतात. या धुळकट गुंत्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. वाचकांनी तिथे जरा थांबावे, अशी या पुस्तकाची विनंती आहे.

हा गुंता म्हणजे फार विचारपूर्वक बांधलेला सापळा असतो. वरचे धागे आधाराचे. त्यांतून काही धागे ताणून खाली जमिनीला किंवा भिंतीला टेकवलेले असतात आणि फक्त त्यांच्या बुडाशी चिकट थेंब असतात. चालत आलेली मुंगी तिथे अडकली, की धागा बुडापासून सुटतो आणि आखडून तिला अधांतरी उचलतो. मग कोळी धावतो, पाठमोरा होतो आणि मागच्या पायांनी तिच्यावर चिकट रेशीम फेकतो. शेवटच्या जोडीच्या पायांच्या टोकाशी दातेरी केसांची रांग असते. याच कंगव्यावरून थेरिडिइडी हे कुळ ओळखले जाते. त्याच्या अडीच हजारांहून अधिक जाती जगाला ठाऊक आहेत.

सगळेच स्वतः शिकार करतात असे नाही. याच कुळातले आर्गिरोडिस हे चिमुकले कोळी नेफिलासारख्या मोठ्या कोळ्यांच्या जाळ्यात राहून तिथले भक्ष्य पळवतात. सह्याद्रीच्या रानात पावसाळा सरताना नेफिलाचे जाळे दिसले, तर कडेचे धागे तुम्ही अवश्य न्याहाळा. विषारी ‘ब्लॅक विडो’ही याच कुळातली, तिचे भाऊबंद भारतात आहेत, म्हणून कोणत्याही कोळ्याला बोट लावू नये.

भारतीय कोळ्यांच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रात काम केले आणि १९८७ मध्ये त्यांचे भारतीय कोळ्यांवरचे हस्तपुस्तक आले. घरांतल्या भिंतींवर मात्र अजून पुष्कळ पाहण्यासारखे उरले आहे.

सुरुवात जातीच्या नावापासून करू नका. अनेक जाती सूक्ष्मदर्शकाखाली जननांग तपासल्याशिवाय ठरत नाहीत. आधी रात्री विजेरी तिरपी धरून खालचे धागे शोधा, उलटा लटकलेला कोळी पाहा, मग भिंगातून मागचा पाय. वहीत तारीख, जागा, जाळ्याची जमिनीपासूनची उंची आणि त्यात सापडलेले भक्ष्य लिहा. केरसुणी फिरण्याआधी घरातल्यांना सांगून एक कोपरा राखून ठेवा.