सात वर्षांची कारवी

कल्याण मागें टाकून आगगाडी कर्जतकडे निघाली, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें ओळीनें लागतात आणि उजव्या हातास मलंगगड, चंदेरी व पुढें माथेरान अशी डोंगरांची रांग सोबत करूं लागते. या मुलखाच्या इतिहासांतील ठळक सनावळी सर्वांस ठाऊक आहे. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. मलंगगडावर कॅप्टन अ‍ॅबिंग्टन चालून गेला तो १७८० सालीं. कल्याणहून खोपोलीकडे लोहमार्ग गेला १८५६ सालीं. आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचें उल्हासनगर झालें १९४९ सालीं. परंतु याच डोंगरांच्या उतारावर एक झुडूप या सर्वांहून जुनी अशी आपली स्वतंत्र कालगणना चालवीत आलें आहे. त्याचें नांव कारवी.

कारवी ही सह्याद्रीची लेक. पुरुष-दीड पुरुष उंचीचीं तिचीं झुडपें उतारावर इतकीं दाट वाढतात, कीं त्यांतून वाट काढणें कठीण व्हावें. पानें मोठीं व खरबरीत; पावसाळ्यांत हिरवींगार, उन्हाळ्यांत गळून गेलेलीं. वर्षामागून वर्षें हाच क्रम चालतो व फुलाचें नांव नसतें. मग एका श्रावण-भाद्रपदांत सारा डोंगर एकदम जांभळ्या-निळ्या फुलांनीं भरून जातो. मधमाशांची झुंबड उडते, त्या वर्षीं कारवीचा मध निघतो, आणि बीज धरून तें सारें रान वाळून जातें. केळ एकदांच विते, तशी कारवी एकदांच फुलते. इतकीं झाडें एकाच वर्षीं फुललीं म्हणजे बीज इतकें होतें, कीं पांखरें व किडे यांनीं पोटभर खाऊनहि पुष्कळसें शिल्लक उरावें. एकजुटीनें फुलण्यांतील मर्म तें हेंच, असें शास्त्रज्ञ मानतात.

कारवी सात वर्षांनीं फुलते असें कोणी म्हणतात, तर कोणी आठ वर्षांनीं. या दोन्ही म्हणण्यांत वस्तुतः विरोध नाहीं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कारवी २०१६ सालीं फुलली व पुन्हां २०२४ सालीं फुलली. म्हणजे अंतर आठ वर्षांचें. परंतु २०१६ च्या फुलांचें बीज वाळक्या बोंडांतच राहिलें. पुढील पावसाचें पाणी लागतांच तीं बोंडें तडतडून फुटलीं व बीज मातींत पडलें. तेव्हां रोप जन्मास आलें २०१७ च्या पावसांत, आणि २०२४ मध्यें फुललें तेव्हां त्याचें वय भरलें होतें सातच वर्षें. फुलांमधील अंतर आठांचें, झाडाचें आयुष्य सातांचें.

युरोपीय शास्त्रांत या झुडुपाची नोंद झाली ती नीस या जर्मन पंडिताच्या हातून, १८३२ सालीं. मुंबईच्या टपाल खात्यांतील अधिकारी जॉन ग्रॅहम यानें मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची रचिली. पण ती पुरी होण्यापूर्वींच १८३९ सालीं तो मरण पावला, आणि निम्मो नांवाच्या त्याच्या स्नेह्यानें ती तडीस नेली. पुढें वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञानें ग्रॅहमच्या स्मरणार्थ कारवीला त्याचें नांव दिलें. तें टिकलें नाहीं. १९४४ सालीं ब्रेमेकॅम्प या डच पंडितानें तिच्यासाठीं निराळें कुलच कल्पिलें व त्याचें नांव ठेविलें ‘कार्विया’. आज बहुतेक शास्त्रज्ञ नीसनें दिलेलेंच नांव मान्य करतात. तथापि रानांतल्या लोकांच्या तोंडचा मराठी शब्द लॅटिन नामावळींत जाऊन बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

कारण कारवीशीं खरा संबंध होता तो याच लोकांचा. ठाकूर व कातकरी यांच्या झोंपड्यांचा कूड कारवीच्या काठ्यांचा. काठीला काठी लावून बांधावयाची व वरून शेणमातीनें लिंपावयाचें, कीं भिंत तयार. १८७८ चा जंगल कायदा आला आणि घरासाठीं काठी तोडणें किंवा भाताच्या राबासाठीं टाहळा आणणें हें सरकारी परवानगीचें काम होऊन बसलें. ठाणें जिल्ह्यांत याविरुद्ध इतकी ओरड झाली, कीं सरकारास १८८५ सालीं चौकशी मंडळ नेमावें लागलें.

दक्षिणेंत मुन्नारच्या डोंगरांवर कारवीचीच बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनीं फुलते; २००६ व २०१८ सालीं ती फुलली. प्राचीन तमिळ काव्यशास्त्रांत डोंगराळ प्रदेशासच ‘कुरिंजी’ म्हणतात. कारवीच्या वांट्यास काव्यशास्त्रांतील असें स्थान आलें नाहीं. तिच्या वांट्यास आला तो झोंपडीचा कूड.

आतां डोंगराच्या पायथ्याशीं तीन मोठीं शहरें वसलीं आहेत. फुलांच्या दिवसांत तेथून माणसें हौसेनें डोंगर चढतील, यांत शंका नाहीं. परंतु कारवीचा कसोटीचा काळ फुलांचा नव्हे, तर त्यानंतरच्या उन्हाळ्याचा. त्या वैशाखांत आईबाप झाडें मेलेलीं असतात आणि पुढची सारी पिढी वाळक्या बोंडांत पावसाची वाट पाहत असते. फुलांचे तुरे खुडले, सरपणासाठीं तें रान कापलें, किंवा एक वणवा पेटला, तर त्या उताराचा वंश तुटण्यास तेवढें पुरे. डोंगराडोंगराचें फुलण्याचें वर्ष निराळें असूं शकतें; म्हणून मलंगगड-चंदेरीच्या शेजाऱ्यांनीं आपापल्या उताराचें वर्ष टिपून ठेविलें पाहिजे. बोरिवलीचा हिशेब सरळ आहे. क्रम न चुकल्यास तेथील कारवी पुन्हां फुलेल २०३२ सालीं. आणि डोळ्यांत तेल घालून जपावयाचा उन्हाळा असेल तो २०३३ चा.